फेडोरामध्ये पॅकेजची नवी आवृत्ती आपोआप कशी प्रकाशित करावी?

मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की फेडोरा या लिनक्स प्रणालीतील त्याचे पॅकेज दर वेळी हाताने अद्ययावत करावे लागू नये, यासाठी पॅकिट ही स्वयंचलन सेवा वापरावी. पॅकेजच्या डिस्ट-गिट रेपॉझिटरीत (फेडोरा पॅकेजच्या फाइली ठेवतो त्या जागी) पॅकिटची यामल फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, ठेवून तीत 'पुल फ्रॉम अपस्ट्रीम' हा जॉब नोंदवला, की अनित्या या सेवेने नवी आवृत्ती टिपल्यावर पॅकिट स्पेक फाइलमधील (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमधील) आवृत्ती क्रमांक बदलते, सोर्सची टार फाइल लुकअसाइड कॅश या सोर्स फाइलींच्या साठ्यात चढवते आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) उघडते. ती मर्ज झाल्यानंतरचे कोजी या बिल्ड यंत्रणेतील बिल्ड आणि बोधी या अपडेट यंत्रणेतील अपडेटही त्याच फाइलमधून नेमता येतात. रॉहाइड या फेडोराच्या विकास शाखेसाठी मात्र बोधी स्वतःच अपडेट तयार करते. मर्जचा निर्णय मी तरी यंत्रावर सोडणार नाही, कारण बदललेला परवाना किंवा नवी डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारे दुसरे सॉफ्टवेअर) माणसाने डोळ्यांखालून घातलेली बरी.