स्पॅनिशमध्ये ‘मजा आली’ कसं म्हणायचं?

प्रश्न : ‘काल पार्टीत मला मजा आली’ यासाठी मी ‘मे दिबिर्तियो एन ला फिएस्ता’ असं लिहिलं. शिक्षकांनी ‘मे दिबेर्ती’ अशी दुरुस्ती केली. ‘आली’ हे तृतीय पुरुषी रूप आहे ना, मग चुकलं कुठे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मराठीत मजा ‘येते’, म्हणून तुम्ही कर्ता मजेला केलंत. ‘दिबेर्तिर्से’ या क्रियापदात कर्ता माणूस असतो. ‘मला मजा आली’ बाजूला ठेवा आणि ‘मी रमले’ किंवा ‘मी रमलो’ असं मनात धरा, रूप आपोआप बरोबर येईल. इथला ‘मे’ म्हणजे ‘स्वतःला’. तुमचं ‘मे दिबिर्तियो’ वाचणारा ‘त्याने मला हसवलं, रमवलं’ असं समजेल. ‘आवडतं’साठीच्या ‘मे गुस्ता’ची रचना मराठीसारखीच चालते, त्यामुळे ही गफलत आपल्याकडे फार होते.

आता रूपं. वर्तमानात आघात धातूच्या ‘ए’वर पडला की त्याचा ‘इये’ होतो : मे दिब्येर्तो, ते दिब्येर्तेस, से दिब्येर्ते, से दिब्येर्तेन. ‘आम्ही’च्या रूपात आघात प्रत्ययावर जातो, म्हणून ‘नोस दिबेर्तीमोस’मध्ये बदल नाही. स्पेनमधलं ‘ओस दिबेर्तीस’ही तसंच.

भूतकाळात मे दिबेर्ती, ते दिबेर्तीस्ते, नोस दिबेर्तीमोस. इथे तृतीय पुरुषातच ‘ए’चा ‘इ’ होतो : से दिबिर्तियो, से दिबिर्त्येरोन. ‘आम्ही’चं रूप दोन्ही काळांत एकच असल्यामुळे सरावाच्या वाक्यात ‘आयेर’ (काल) किंवा ‘सिएम्प्रे’ (नेहमी) घालाच. सेन्तिर (जाणवणे), प्रेफेरिर (अधिक पसंत करणे), मेन्तिर (खोटं बोलणे) ही क्रियापदंही याच वळणाची. एक पक्कं केलं की तीन हाती लागतात.

‘नाचताना मजा येते’ यासाठी ‘मे दिब्येर्तो बाइलान्दो’ म्हणा. मूळ रूप ‘बाइलार’ तिथे चालत नाही. निरोप देताना ‘मजा कर’ म्हणजे ‘¡दिब्येर्तेते!’, आघात ‘ब्येर’वर. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ दंत्यच आहे, तेव्हा इंग्रजी वळणाचा ‘ट’ लावू नका. लिहिताना अक्षर ‘व्ही’ असलं तरी उच्चार ‘ब’च्या जवळचा करा.

प्रश्न : ‘मजेत वेळ घालवणे’ यासाठी ‘पासार्लो ब्येन’ आणि ‘पासार्ला ब्येन’ यांत बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही. ‘लो’ स्पेनमध्ये, ‘ला’ लॅटिन अमेरिकेत जास्त. बोलताना ‘दिबेर्तिर्से’ची रूपं अडली, तर ‘लो पासे ब्येन’ (मजेत वेळ गेला) म्हणा. ‘पासार’ नियमित आहे, धातू बदलत नाही.