बूस्टर मनोऱ्याच्या हातांत परतला, त्यात एवढे काय?

आपण विचारले आहे की, चंद्रावर अंतराळयाने अलगद उतरू लागली त्याला सुमारे साठ वर्षे झाली, आपल्या चांद्रयान-3 चा विक्रम लँडरही 23 ऑगस्ट 2023 रोजी तेथे उतरला. मग 2024 मध्ये अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचा बूस्टर, म्हणजे वर ढकलणारा खालचा टप्पा, पृथ्वीवरच परत आला तेव्हा लोक इतके का हुरळले, आणि ते हुरळणे कितपत रास्त होते. मी अंतराळशास्त्रज्ञ नाही. भोसरीत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा उत्तर त्याच नजरेने देतो.

13 ऑक्टोबर 2024 हा रविवार होता, दसऱ्याचा दुसरा दिवस. टेक्सासमध्ये सकाळ होती. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजत आले होते आणि उरलेल्या श्रीखंडाच्या निमित्ताने शेजारचे तिघे आमच्याकडे बसले होते. उड्डाणानंतर सुमारे सात मिनिटांनी 71 मीटर उंचीचे ते पोलादी नळकांडे स्वतःच्या ज्वाळांवर तोल सावरत खाली आले आणि प्रक्षेपण-मनोऱ्याच्या दोन अवाढव्य हातांनी त्याला वरच्यावर झेलले. वरच्या मजल्यावरचे काका ताबडतोब म्हणाले, "चित्रफीत उलटी फिरवली आहे, दुसरे काही नाही." बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले की, आपली इस्रो हेच निम्म्या पैशात करून दाखवील. मार्केट यार्डात ज्यांचे चार टेम्पो फिरतात, त्यांनी एवढेच विचारले, "गाडी परत आली हे ठीक, पुढची खेप कधी मारणार?"

काकांना आम्ही हसलो खरे, पण हे किती अवघड आहे, याचा सर्वांत नेमका अंदाज त्यांच्या अविश्वासातच होता. चंद्रावर हवा नाही, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे, आणि उतरणारे यान मुळात उतरण्यासाठीच घडवलेले असते. बूस्टर घडवलेला असतो वर ढकलण्यासाठी. परतताना तो जवळजवळ रिकामी टाकी असतो, ध्वनीच्या कित्येक पट वेगाने दाट हवेत शिरतो, आणि त्याची इंजिने भरलेल्या रॉकेटच्या वजनाला पुरतील अशी असल्यामुळे रिकाम्या टाकीला ती फारच जोरकस ठरतात. त्याच कंपनीच्या आधीच्या फाल्कन 9 या रॉकेटच्या बाबतीत तर नऊपैकी एकच इंजिन, तेही कमीत कमी जोरावर चालवले, तरी त्याचा रेटा रिकाम्या बूस्टरच्या वजनापेक्षा अधिक भरतो. त्यामुळे हवेत क्षणभर थांबून, अंदाज घेऊन मग उतरण्याची सोय त्याला नसते. अशी पीएमटी बस कल्पावी की, जिचा ब्रेक एकदा दाबला की गाडी थांबते आणि पाय वेळेवर उचलला नाही तर उलटी मागे धावू लागते. अशी बस स्वारगेटच्या थांब्यावर आखलेल्या रेषेवर नेमकी उभी करायची आहे. उंची शून्य आणि वेग शून्य, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडाव्या लागतात.

ते साधण्याआधी काय काय बिघडले हे मला अधिक वाचनीय वाटते. जानेवारी 2015 मध्ये फाल्कन 9 चा बूस्टर समुद्रातल्या तरंगत्या मंचापर्यंत पोचला, पण दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांचे हायड्रॉलिक तेल वाटेतच संपले आणि तो मंचावर तिरका आदळला. वापरलेले तेल फिरवून परत न आणता बाहेर टाकून देणारी ती रचना होती. वजन वाचते, पण हिशेब चुकला की संपले. हे वाचून मला आमच्या चाचणीविभागाची आठवण झाली, कारण तेल कमी पडणे हा दोष आमच्या ओळखीचा होता. त्याच वर्षी 21 डिसेंबरला केप कॅनाव्हरलच्या जमिनीवर बूस्टर प्रथमच नीट उभा राहिला.

स्टारशिपच्या बूस्टरचा, म्हणजे सुपर हेवीचा, वेगळेपणा असा की, त्याला पायच नाहीत. पायांचे वजन वाचावे म्हणून ते काम मनोऱ्यावर सोपवले आहे, आणि बूस्टरचा सारा भार वरच्या बाजूच्या दोन छोट्या खुंट्यांवर तोलला जातो. पुढच्याच उड्डाणात, नोव्हेंबर 2024 मध्ये, झेलण्याचा बेत ऐनवेळी सोडून बूस्टर समुद्राकडे वळवावा लागला. मला तो निर्णयही झेलण्याइतकाच कसबाचा वाटला, पण त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत.

इस्रोच्या स्वस्ताईचा अभिमान मलाही आहे, पण या ठिकाणी तो अस्थानी होता. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटारींची, म्हणजे घन इंधन जाळणाऱ्या भागांची, जी आवरणे बनली, ती उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत काम संपवून समुद्रात जातात. ती घडवणाऱ्या कारागिरांना एकदाच वापरण्याचा खर्च कोणी समजावून सांगायला नको. इस्रोलाही हे पटलेले आहे. चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर पंखांचे यान उतरवण्याच्या तीन चाचण्या 2023 आणि 2024 मध्ये यशस्वी झाल्या, आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल अशा नव्या प्रक्षेपकाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये, म्हणजे त्या रविवारच्या आधीच, मंजुरी दिली होती. शिवाय 4700 किलोचा आपला जीसॅट-एन2 उपग्रह नोव्हेंबर 2024 मध्ये फाल्कन 9 वरूनच गेला.

राहिला टेम्पोवाल्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच. अमेरिकेचे स्पेस शटलही परत येत असे. 1981 ते 2011 या काळात त्याची 135 उड्डाणे झाली, पण प्रत्येक खेपेनंतर दुरुस्तीत इतका वेळ आणि पैसा जाई की स्वस्ताईचे आश्वासन कागदावरच राहिले. फाल्कन 9 चा वापरलेला बूस्टर मार्च 2017 मध्ये दुसऱ्यांदा उडाला आणि आता काही बूस्टर तिसाहून अधिक वेळा उडाले आहेत. झेललेल्या एका सुपर हेवीची दुसरी खेप 28 मे 2025 रोजी आपल्याकडे पहाटे पाच वाजता निघाली. तेहतीसपैकी एकोणतीस इंजिने आधीच्या उड्डाणातलीच होती, आणि उतरण्याच्या प्रयत्नात तो बूस्टर नष्ट झाला. त्या पहाटे आमच्या घरी कोणीही आले नव्हते. सात वाजता मी खाली उतरलो तेव्हा टेम्पोवाले गाडी धूत होते, त्यांना सांगितले, तर म्हणाले, "म्हणजे बोहनी तरी झाली."