गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावाला ऑनलाइन खरेदीचा डिलिव्हरी चार्ज पणजीच्या चौपटीहून जास्त लावतात. हे कायद्यात बसतं का?

ऑनलाइन मागवलेल्या कढईवर पणजीला ४० रुपये आणि वाळपई या तालुक्याच्या ठिकाणापासून आत तुमच्या गावाला १८० लावले, एवढ्यानेच ते बेकायदेशीर ठरत नाही. डिलिव्हरी चार्जला कायद्याने कमाल मर्यादा नाही. तक्रार टिकते ती चार्ज शेवटपर्यंत लपवला असेल तर, किंवा घरपोचचे पैसे घेऊन 'वाळपईला येऊन घेऊन जा' म्हणाले तर. आपल्याकडे दुसरा प्रकारच जास्त.

आधी १८० आले कुठून ते बघा. कुरियरवाले पिनकोड बघून 'ओडीए', म्हणजे सेवाक्षेत्राबाहेरचा जादा आकार लावतात. ४०३५०६ मध्ये वाळपईचा बाजारही येतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याची गावंही. पिनकोड यादीत गेला की बाजारातल्या घरालाही तोच भुर्दंड.

दुसरी मेख वजनाची. खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५०००ने भागतात. ४० × ३० × २५चं खोकं ६ किलोचं ठरतं, आत दीड किलोची कढई का असेना! म्हणून विक्रेत्याला लहान खोकं मागा. दोनतीन वस्तू घ्यायच्या तर एकाच विक्रेत्याच्या घ्या. विक्रेते वेगळे असले की पार्सलंही वेगळी आणि चार्जही. छोटा विक्रेता असेल तर स्पीड पोस्टने पाठवायला सांगा. पोस्टाचा दर वजन आणि अंतरावर ठरतो, आडगावाचा वेगळा आकार नाही. मोठ्या साइटवर मात्र हे चालत नाही.

पत्त्यात घर क्रमांकासोबत वाडा आणि जवळचं देऊळ किंवा दुकान लिहाच. नाहीतर 'पत्ता सापडला नाही' म्हणून पार्सल परत जातं.

पुराव्यासाठी तीन स्क्रीनशॉट ठेवा: वस्तूचं पान, पिनकोड टाकल्यानंतरचं आणि पैसे भरायचं. पिनकोड टाकताच चार्ज दिसला असेल तर लपवल्याची तक्रार फारशी चालणार नाही. तो पैसे भरतानाच उगवला असेल, तर २०२३च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या, म्हणजे साइटवरच्या फसव्या क्लृप्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांवर बोट ठेवा.

वाळपईला बोलावलं तर पार्सल हातात येईपर्यंत ओटीपी देऊ नका. फोनवर दिलात की नोंद 'पोचलं' अशी होते आणि पुढे भांडायला जागा राहत नाही. बोलावल्याची तारीख, वेळ लिहून चार्ज परत मागणारी तक्रार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

त्यापुढे पर्वरीचा उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दक्षिण गोवावाल्यांना मडगावचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण १८० रुपयांसाठी पर्वरीच्या खेपा परवडत नाहीत, तेव्हा जोर १९१५वरच लावा.