क्षेत्रफळही ४४च कसं आलं?

"बाकी गणित बरं येतं हो, पण वर्तुळाचा धडा सुरू झाल्यापासून वही उघडायलाच नको म्हणते. गणिताची भीती बसली असेल का?" डिचोलीच्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी सातवीत. सूत्रं पाठ नाहीत म्हणून परीघ आणि क्षेत्रफळ यांची गल्लत होते, असं शिकवणीच्या बाईंचं मत. उपाय: दोन्ही सूत्रं रोज लिहून काढायची.

भीतीचं बोलण्याआधी वही पाहिली. त्रिज्या ७ सेंमी, परीघ ४४ सेंमी. बरोबर. क्षेत्रफळ? तेही ४४. सूत्र मात्र नीट लिहिलेलं, पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग; आणि खालच्या ओळीत २२/७ × १४. गल्लत सूत्रांची नव्हतीच. डोक्यावरचा छोटा २ दिसला की ती दुप्पट करत होती. तसं केलं की क्षेत्रफळाच्या जागी नेमका परिघाचाच आकडा येतो, आणि तपासणाऱ्याला वाटतं सूत्रं उलटीपालटी झाली. भरीला, वहीतल्या पहिल्या उदाहरणात त्रिज्या २ होती. २ची दुप्पट ४, वर्गही ४. चूक करूनही उत्तर बरोबर! पहिलं उदाहरण २ त्रिज्येचं कधीच देऊ नये.

मग सूत्रं बाजूला ठेवून चौकटीच्या कागदावर ७ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढायला दिलं. (कंपासचा स्क्रू आधी घट्ट करावा आणि कागदाखाली वही ठेवावी. नाहीतर टोक सरकतं, त्रिज्या बदलते, वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत आणि मूल तिथंच हिरमुसतं.) त्रिज्येवर उभा केलेला चौरस ७ × ७, म्हणजे ४९ चौकटींचा. असे चार चौरस लावले की वर्तुळ पूर्ण झाकलं जातं आणि कोपरे उरतात. म्हणजे क्षेत्रफळ १९६पेक्षा कमी. आत बसणारा तिरका चौरस ९८चा, म्हणजे क्षेत्रफळ त्याहून जास्त. "मग ४४ होऊच शकत नाही," ती स्वतःच म्हणाली. त्यानंतर वर्तुळाचे १६ समान तुकडे कापून उलटसुलट मांडले. आयतासारखी पट्टी झाली: लांबी अर्धा परीघ म्हणजे २२, उंची ७, क्षेत्रफळ १५४. आठच तुकडे केले तर कडा फार फुगीर राहतात आणि मुलांना पटत नाही.

आईची अडचण वेगळी. स्वतःचं शिक्षण मराठीतून, मुलीचं पुस्तक इंग्रजी, त्यामुळे घरी हात लावायला धजत नव्हत्या. त्यांना एवढंच सुचवलं: जेवणाचं ताट घ्या, कडेभोवती कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून खूण करा, मग पट्टी सरळ करून मोजा. दोरा ताणला जातो, म्हणून पट्टीच बरी. ताट दोन जाड पुस्तकांमध्ये धरून मधलं अंतर मोजलं की व्यास मिळतो. २८ सेंमीच्या ताटाला पट्टी साधारण ८८ सेंमी लागते. पट्टीच्या लांबीला व्यासाने भागलं की साधारण ३.१४, म्हणजे पाय, यायला हवा. भागाकार ३.४ आला तर बहुधा पुस्तकं समांतर नव्हती, किंवा मोजपट्टी थेट ताटावर ठेवली आणि ती केंद्रातून गेली नाही. छोटी वाटी नको. ७ सेंमीच्या व्यासात दोन मिलिमीटर चुकले तरी उत्तर बरंच हलतं.

घातांकाच्या धड्यातही ५चा वर्ग १० येत असेल, तर वर्तुळ थांबवून आधी तिथं काम करावं. पण बेरीज-वजाबाकीतही अंक उलटे होत असतील, घड्याळ वाचता येत नसेल आणि हे पहिली-दुसरीपासूनच चालू असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी.