बारा वर्षांनी नुसती 'ती'?

मावशी,
मी 38 वर्षांची, शाळेत शिकवते, लग्नानंतर डोंबिवलीला राहते. बारा वर्षांपूर्वी गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्यात एका फोटोग्राफर सरांनी माझा फोटो काढला. तेव्हापासून महिन्यातले एक-दोन रविवार मी त्यांच्यासाठी उभी राहते. मानधन नाही, गाडीभाडं आणि नाश्ता. आता काळा घोड्याला त्यांचं प्रदर्शन आहे. 40 पैकी 31 फ्रेममध्ये मी आहे, पण माझं नाव कुठेच नाही. फोटोंखाली 'ती, बाणगंगा', 'ती, ससून डॉक'. विचारलं तर म्हणाले, "नाव दिलं की गूढ जातं." हल्ली एका नव्या मुलीचेही फोटो काढतात. नवरा म्हणतो, "तू नुसती उभी होतीस, श्रेय कसलं?" मी उगाच मनाला लावून घेतेय का?

अगं, 'ती' काय 'ती'! मेगाब्लॉकच्या आधी पोचायचं म्हणून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईची बोळवण एका सर्वनामावर? मनाला लागलं ते योग्यच लागलं.

तुझं पत्र लांब होतं, इथे कापावं लागलं. पण बाणगंगेचा परिच्छेद मी दोनदा वाचला. सर तुला वरच्या पायरीवर उभं करत होते. तू म्हणालीस, तिथे नको. चपला काढून पाण्यालगतच्या ओल्या पायरीवर जाऊन बसलीस, कॅमेऱ्याकडे पाठ करून. तोच फोटो आज निमंत्रणावर आहे. जागा कोणी निवडली? पाठ फिरवायचं कोणाला सुचलं? आणि हो, पत्रात 'आमचे फोटो' असं सात ठिकाणी आहे, 'सरांचे फोटो' एकदाच, तेही खोडलेलं. मोजलं मी.

कायद्याकडून मात्र फार आशा ठेवू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. तू पैसे देऊन काढून घेतले असतेस तर गोष्ट वेगळी. समोर कितीही वर्षं उभी राहिलीस तरी त्याने कॉपीराइट मिळत नाही. सरांचंही काम खोटं नाही. हजारो फोटोंतून 40 निवडायचे, प्रिंट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे, हे त्यांनी एकट्याने केलंय. ते त्यांचंच.

पण नावाने गूढ जातं, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या हॅरी कॅलाहनने वर्षानुवर्षं एलिनोरचे फोटो काढले आणि फोटोचं नावच ठेवलं 'एलिनोर, शिकागो, 1949'. काही बिघडलं नाही. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने 1917 ते 1937 या काळात जॉर्जिया ओ'कीफचे तीनशेहून जास्त फोटो काढले. 1978 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते मांडले, तेव्हा शीर्षकात आधी तिचं नाव होतं. सोबतच्या पुस्तकाची प्रस्तावनाही तिनेच लिहिली, नव्वदीत. (दोघी त्या फोटोग्राफरांच्या बायका होत्या, हे नवऱ्याला वाचून दाखवू नकोस.)

नवऱ्याला एवढंच कर. रविवारी सकाळी त्याला गॅलरीत उभा कर, मान किंचित डावीकडे, हात कठड्यावर, आणि सांग, दहा मिनिटं हलायचं नाही, चेहरा मात्र आत्ताच काहीतरी आठवल्यासारखा हवा. चौथ्या मिनिटाला तो पाठ खाजवेल.

आता सरांशी बोलायचं, फोनवर नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे 2015 साली बंद झालं, नाहीतर म्हटलं असतं तिथेच बसा दोघं. कुठेही बसा, पण कॅटलॉग छापायला जायच्या आत. रडून नको, 'तुम्हाला काय वाटतं' असंही नको. सरळ सांग: 31 फोटोंखाली 'ती' ऐवजी माझं नाव, आणि कॅटलॉगमध्ये चार ओळी, मी लिहिलेल्या. जे प्रिंट विकले जातील त्यातला वाटा मागताना जीभ अडखळेल, तरी माग, आणि कागदावर घे. आजवर कधी कसल्या संमतीपत्रावर सही केली आहेस का, तेही आधी शोध. जाहिरातीला फोटो द्यायची मुभा त्यात देऊन बसली असशील तर आजच कळलेलं बरं.

नव्या मुलीचं म्हणशील, तर तिथे तुझा हक्क नाही. त्यांनी कोणाचे फोटो काढावेत हे ते ठरवणार. दुखणारच, पण हे दुखणं नावाच्या मागणीत मिसळू देऊ नकोस. मिसळलंस की सर फक्त त्याच्याबद्दलच बोलतील, आणि नाव राहील बाजूला. जमलंच तर त्या मुलीला एवढं विचार: तुझं नाव देणार आहेत का गं?

सर 'नाही' म्हणाले तर पुढच्या रविवारी जायचं की नाही, हे तूच ठरव. मी असते तर नसते गेले. पण मला पहाटे उठायचा कंटाळा आहे, माझं धरू नकोस.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. बारा वर्षांत त्यांनी तुला एक तरी प्रिंट दिला का? नसेल तर बाणगंगेचा माग, सही करून, मोठा. घरात कुठल्या भिंतीवर लावायचा ते नवऱ्याला ठरवू दे. खिळाही त्यालाच ठोकू दे.

तुझी मावशी