आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. आदल्या रात्री झोपेची गोळी देणार आहेत. त्या गोळीने ऑपरेशननंतरच्या उलट्या थांबतील का?

नाही. ती गोळी भीतीसाठी आहे. आदल्या रात्री बहुधा अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम देतात, किंवा टेबलावर घेताना शिरेतून मिडाझोलाम १ ते २ मिलिग्रॅम. मिडाझोलामने मळमळ थोडी कमी होते, पण केवळ त्यासाठी ते कुणी देत नाही. आई जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल किंवा वय सत्तरीच्या पुढे असेल तर हे आधीच सांगा. अशांना ही औषधं टाळलेली बरी. श्वास मंदावतो, आणि वयस्कर माणूस शुद्धीवर येताना भ्रमात बडबडतो.

तुम्ही लिहिलंय की मागच्या ऑपरेशननंतर आईंना रात्रभर उलट्या झाल्या आणि चोर्ला घाटात त्यांना नेहमी गाडी लागते. भूलतज्ज्ञांना नेमकं हेच हवं असतं, आणि नातेवाईक नेमकं हेच सांगत नाहीत. धोका चार गोष्टींवरून मोजतात: स्त्री असणं, धूम्रपान नसणं, पूर्वी अशा उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि नंतर ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या जातीचं वेदनाशामक लागणं. चारही असतील तर काहीच न केल्यास साधारण ८० टक्के. (निपाणीकडची तंबाखूची मिश्री यात धरत नाहीत. आणि विडी ओढणाऱ्यांना उलट्या कमी होतात म्हणून कुणी विडी सुरू करू नये!)

एवढा धोका असेल तर एका इंजेक्शनवर भागत नाही. एकेक औषध धोका फार तर पाव हिश्शाने कमी करतं, म्हणून वेगवेगळ्या जातीची दोन-तीन एकत्र देतात. डेक्सामेथासोन ४ ते ८ मिलिग्रॅम भूल चढल्यावर लगेच. जाग असताना भरकन दिलं तर जांघेत असह्य खाज सुटते. ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम ऑपरेशन संपता संपता. शक्य असेल तर वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाच्या थेंबांवर भूल. मला विचाराल तर अशा रुग्णात यानेही चांगला फरक पडतो. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोनने साखर चढते, तेवढं लक्षात आणून द्या.

तरीही वॉर्डात उलटी झालीच तर सहा तासांच्या आत पुन्हा ऑन्डान्सेट्रॉनच टोचण्यात अर्थ नाही. दुसऱ्या जातीचं औषध मागा. तोवर आईंना एका कुशीवर वळवून ठेवा.

उपाशी राहण्यात घोळ होतो तो असा: हलकं जेवण सहा तास आधी, तळलेलं किंवा मटण आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दवाखान्याने वेगळं सांगितलं नसेल तर. दुधाचा चहा, ताक, पेज हे पाणी नव्हे. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न दिल्याने मात्र मळमळ वाढू शकते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांतली सकाळी कोणती घ्यायची, कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.