भिशीचे 60 हजार आणि घरगुती रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत गायनाचे वर्ग घेते. वरच्या पत्र्याच्या खोलीत विंडोज लॅपटॉप, दोन माईक लागणारा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारे उपकरण) आणि एक कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा) आहे. भजनी मंडळांचे अभंग आणि गणेश मंडळांची गाणी रेकॉर्ड करून गेल्या वर्षी 48 हजार रुपये आले आणि साथीदारांचे मानधन वजा जाता 30 हजार हातात राहिले. आता भिशीचे 60 हजार मिळाले आहेत. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी एबलटन लाइव्हचे सर्वांत वरचे ‘स्वीट’ पॅकेज एकदाच घ्यावे, प्रो टूल्सचे वार्षिक सदस्यत्व घ्यावे, की रीपर किंवा एफएल स्टुडिओसारखे स्वस्त काही घ्यावे? भाचा म्हणतो की तो ‘क्रॅक’, म्हणजे परवान्याशिवाय चालणारी प्रत, फुकट टाकून देईल.

उत्तर : आपल्या पत्रातील सॉफ्टवेअरची तुलना वाचण्यापूर्वी मी भिशीचा तपशील वाचला, कारण या निर्णयाची खरी मर्यादा तिथे आहे. बारा जणींची, महिना 5 हजारांची भिशी आपल्याला पाचव्या नंबरला लागली, म्हणजे आपले 25 हजार भरून झाले आहेत आणि सात हप्त्यांचे 35 हजार अजून भरायचे आहेत. हे 35 हजार हातात असले तरी ते आपले नाहीत. ते बिनव्याजी का होईना, कर्जच आहे. वर्गांची फी मे महिन्यात निम्म्यावर येते, असे आपणच लिहिले आहे, तेव्हा उरलेल्या हप्त्यांची रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवून द्यावी आणि सॉफ्टवेअर, खोली, वायरी असा सगळा मिळून विचार 25 हजारांतच करावा.

ही मर्यादा मान्य केली की एबलटन स्वीटचा प्रश्न निकाली निघतो. त्याची किंमत 749 डॉलर, म्हणजे साठ-पासष्ट हजारांच्या पुढे आहे. शिवाय परदेशी व्यवहारावर अनेक कार्डे दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लावतात. पण पैसे असते तरीही मी ते घेण्याचा सल्ला दिला नसता. या पॅकेजची बरीचशी किंमत त्यासोबत येणाऱ्या तयार वाद्यांची, इफेक्टची आणि नमुना-ध्वनींची असते. जो कलाकार संगणकावरच ताल आणि सिंथचे (इलेक्ट्रॉनिक) सूर रचतो, त्याला ती रक्कम वसूल होते. आपल्याकडे पेटी, तबला, टाळ आणि गळा हे सगळे समोर बसून वाजते-गाते, आणि आपल्याला हवे आहे ते ध्वनिमुद्रण, कापाकापी आणि मिक्सिंग.

प्रो टूल्सचा आग्रह आपण पत्रात उल्लेखलेल्या मुंबईच्या संगीत-संयोजकांचा दिसतो. ‘स्टुडिओ’ श्रेणीचे वार्षिक सदस्यत्व 299 डॉलर आहे, म्हणजे आपल्या गेल्या वर्षीच्या 30 हजारांपैकी जवळजवळ सगळे त्यातच जातील आणि पुढच्या वर्षी मंडळांनी पाठ फिरवली तरी नूतनीकरणाची तारीख मात्र चुकणार नाही. ज्यांची मिळकत श्रावण ते नवरात्र एवढ्याच काळात येते, त्यांनी बारमाही खर्च अंगावर घेताना दहादा विचार करावा. संयोजकांना आपल्या फाइल हव्या आहेत, आपले सॉफ्टवेअर नव्हे. प्रत्येक ट्रॅक, म्हणजे एकेका आवाजाचे किंवा वाद्याचे ध्वनिमुद्रण, एकाच बिंदूपासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह (WAV) फाइल म्हणून काढून दिला की तो प्रो टूल्समध्ये बिनबोभाट उघडतो.

एफएल स्टुडिओची जमेची बाजू अशी की एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर मोफत मिळतात. मात्र आपण जी सर्वांत स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्ती पाहिली आहे, तिच्यात बराच काळ माईकवरून आवाज रेकॉर्ड करता येत नसे, तेव्हा आजची स्थिती घेण्यापूर्वी तपासून पाहावी. ती सोय नसेल तर ‘प्रोड्यूसर’ आवृत्ती लागते, आणि मग स्वस्ताईचा मुद्दाच उरत नाही. ॲपलचे लॉजिक प्रो मॅक आणि आयपॅडवरच चालते, विंडोजवर नाही, म्हणून ते विचारातच घेऊ नये.

राहिले रीपर, आणि माझा कौल त्यालाच आहे. वैयक्तिक वापरासाठी, तसेच ज्यांची व्यवसायातील वार्षिक एकूण प्राप्ती 20 हजार डॉलरपेक्षा जास्त नाही अशा व्यावसायिकांसाठी, त्याचा परवाना 60 डॉलरला, म्हणजे साडेपाच-सहा हजारांच्या आसपास मिळतो. आपण या मर्यादेच्या खूपच खाली आहात. सातव्या आवृत्तीसाठी घेतलेला परवाना आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो. त्याचे रूप रुक्ष आहे, सोबत वाद्ये फारशी येत नाहीत आणि पहिले काही आठवडे डोके खाईल, हे खरे. पण पैसे भरण्यापूर्वी 60 दिवस ते कोणतीही कात्री न लावता वापरता येते.

त्याआधी इंटरफेसचा खोका माळ्यावरून काढा. अशा अनेक उपकरणांसोबत एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेस या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती विनामूल्य येते आणि नोंदणी न केल्यामुळे ती तशीच पडून राहते. लाइव्ह लाइटमध्ये आठ ट्रॅक मिळतात. आपला नेहमीचा अभंग धरा : मुख्य आवाज, पेटी, दायाँ, बायाँ, टाळ, तानपुरा, कोरस; सात झाले. दहा जणांचे मंडळ वेगवेगळ्या माईकवर एकाच वेळी घेणे मात्र दोन माईकच्या इंटरफेसवर कोणत्याच सॉफ्टवेअरने जमणार नाही.

भाच्याचा प्रस्ताव नाकारावा. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63-ब नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. त्याहून जवळचा धोका असा की त्याच लॅपटॉपवरून आपण नेट बँकिंग करता, आणि क्रॅकसोबत काय काय आत शिरते हे भाच्यालाही ठाऊक नसते.

आता उरलेल्या रकमेबद्दल. रीपर घेतले तरी 19 हजार शिल्लक राहतात, आणि माझ्या मते ते पत्र्याच्या खोलीला लागावेत. मंडळांची गाणी आषाढ-श्रावणात येतात, आणि कोल्हापूरचा पाऊस त्याच वेळी पत्र्यावर ताशा बडवत असतो. तो आवाज कंडेन्सर माईक इमानेइतबारे टिपतो आणि 749 डॉलरचे सॉफ्टवेअरही तो गाण्यातून स्वच्छ वेगळा काढू शकत नाही. पत्र्याखाली जाड थर आणि छत घालण्याचा अंदाज सुताराकडून लेखी घ्या. तो 19 हजारांच्या वर गेला, तर यंदा खोलीला हात न लावता आवाजाचे ट्रॅक खालच्या स्लॅबच्या खोलीत गाद्या-रजया लावून घ्यावेत.

खरेदीचे बिल स्वतःच्या नावावर घ्या. व्यवसायाचा नियमित हिशेब ठेवल्यास संगणक आणि सॉफ्टवेअरवर 40 टक्के घसारा (करपात्र उत्पन्नातून मिळणारी झिजेची वजावट) मिळतो, वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. अनुमानित उत्पन्नाची पद्धत (प्राप्तीच्या ठरावीक टक्क्यांना उत्पन्न धरणारी) स्वीकारली असेल तर तो वेगळा मिळत नाही. आपण कोणत्या पद्धतीने विवरणपत्र भरता हे पत्रात नाही, तेव्हा तेवढे आपल्या सीएंकडून तपासून घ्यावे. रीपरची 60 दिवसांची मुदत मात्र वैशाखातच सुरू करावी, म्हणजे पहिल्या मंडळाचा फोन येण्यापूर्वी हात बसलेला असेल आणि परवान्याचे पैसे भरायचे की नाही, हेही तोवर ठरलेले असेल.